हॅडोला जमेल का? डोंगरावर माणूस जोखण्याचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचं नाव पत्रिकेवर जरा कोरडंच छापलं गेलंय : 'ग्रामीण भागातील साहसी खेळ आणि सहभागींच्या कौशल्याचे मूल्यमापन'. ते वाचूनही तुम्ही आलात, याबद्दल आधी आभार. साध्या मराठीत प्रश्न एवढाच आहे. उद्या पहाटे डोंगर चढायला निघालेल्या पंधरा-वीस जणांपैकी ही वाट कोणाला जमेल आणि कोणाला जमणार नाही, हे कोणी ठरवायचं? आणि कशावरून?

या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे. आपण त्याची सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यापासून करू, कारण तिथे हा प्रश्न अगदी शब्दांत विचारला गेला होता, त्याला उत्तरही मिळालं होतं, आणि ते उत्तर दोन दिवसांत चुकीचं ठरलं.

खेड्याचं नाव झरमॅट. तारीख 12 जुलै 1865. मॅटरहॉर्न हे 4,478 मीटरचं शिखर तोवर कोणी चढलेलं नव्हतं. एडवर्ड व्हिंपर हा इंग्रज तरुण अनेक वर्षं त्याच्या मागे लागला होता. त्याला त्या दिवशी झरमॅटच्या हॉटेलात चार्ल्स हडसन नावाचा धर्मोपदेशक भेटला. हडसनही मॅटरहॉर्नसाठीच आला होता. त्या काळच्या हौशी गिर्यारोहकांत त्याचं नाव फार वरचं. दोन तुकड्यांनी स्वतंत्र जाण्यापेक्षा एकत्र जावं, असं ठरलं. हडसनबरोबर डग्लस हॅडो नावाचा 19 वर्षांचा मुलगा होता. व्हिंपरने हडसनला विचारलं, की या मुलाने आजवर काय काय केलंय? हडसनचं उत्तर व्हिंपरने पुढे आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवलंय. त्याचा आशय असा, की हॅडोने माँ ब्लां हे शिखर बहुतेकांपेक्षा कमी वेळात केलंय. आणखी काही चढायांचा उल्लेख झाला, आणि हा आपल्याबरोबर यायला पुरेसा आहे, असा निर्वाळा मिळाला. पुढे काही चौकशी झाली नाही. हॅडो तुकडीत आला.

13 तारखेला तुकडी निघाली. 14 तारखेला दुपारी पावणेदोनच्या सुमाराला ते शिखरावर होते. चढताना अवघड टप्प्यावर हॅडोला सारखी मदत लागत होती. व्हिंपर हेही लिहितो, आणि ती अडचण फक्त अननुभवामुळे होती, असंही सांगतो. तासाभराने उतरायला सुरुवात झाली. सर्वांत पुढे मिशेल क्रो हा वाटाड्या, त्याच्या मागे हॅडो, मग हडसन, मग लॉर्ड फ्रान्सिस डग्लस. त्यानंतर थोरला टाउगवाल्डर, व्हिंपर आणि धाकटा टाउगवाल्डर. क्रोने आपली कुऱ्हाड बाजूला ठेवली होती आणि तो हॅडोचे पाय हाताने धरून एकेका खोबणीत बसवून देत होता. क्रो वळला, हॅडो घसरला, क्रोवर आदळला. त्या दोघांनी हडसनला खेचलं, हडसनने डग्लसला. डग्लस आणि थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघे गेले, तिघे वाचले.

आता पुढे काय झालं ते बघा. झरमॅटला चौकशी बसली. त्या चौकशीत आणि नंतरच्या सगळ्या वादात एकच प्रश्न गाजत राहिला : दोर का तुटला? थोरल्या टाउगवाल्डरने मुद्दाम कमकुवत दोर वापरला का? त्याने तो कापला तर नाही? तो निर्दोष सुटला, पण संशय जन्मभर त्याच्या पाठीस लागला. तो दोर आजही झरमॅटच्या संग्रहालयात काचेमागे ठेवलेला आहे. लोक येतात, बघतात. हॉटेलातलं ते दोन वाक्यांचं संभाषण मात्र काचेमागे ठेवता येत नाही. आमचं म्हणणं असं, की अपघात तिथे ठरला होता. एका शिखराला लागलेल्या वेळावरून दुसऱ्या शिखराची लायकी काढली गेली. माँ ब्लां मॅटरहॉर्नपेक्षा उंच आहे, पण तिथली नेहमीची वाट म्हणजे मुख्यतः बर्फावरची लांब, दमवणारी चाल. मॅटरहॉर्नवर उभा कातळ, खाली पोकळी. पहिल्यात छाती लागते. दुसऱ्यात पाय कुठे ठेवायचा हे कळावं लागतं, आणि तेही उतरताना, दमल्यावर.

आणखी एक बारीक गोष्ट. क्रो हा शामोनीचा, त्या काळातला अव्वल वाटाड्या. दोन्ही टाउगवाल्डर त्याच डोंगराच्या पायथ्याचे. हॅडोबद्दल त्यांचं मत कोणी विचारलं असं व्हिंपर लिहीत नाही. दोन इंग्रज गृहस्थांनी आपसांत ठरवलं, आणि ज्याला त्या मुलाचे पाय हाताने धरायचे होते त्याला निर्णय कळला.

हे त्या काळच्या रीतीला धरूनच होतं. 1820 साली हॅमेल नावाच्या रशियन डॉक्टरची तुकडी माँ ब्लांवर गेली होती. नवा बर्फ पडला होता, वाटाड्यांना परत फिरायचं होतं, साहेबांना पुढे जायचं होतं. तुकडी पुढे गेली, हिमलोट आला, तीन वाटाडे गेले. त्यानंतरच्या वर्षी, 1821 मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांची संघटना उभी राहिली. तिथे वाटाडे पाळीपाळीने मिळत. पाळी ज्याची, तो तुमच्याबरोबर, मग तुमची वाट कुठलीही असो. पुढे आल्प्समधल्या वाटाड्यांकडे एक वही असायची. चढाई झाली की गिऱ्हाईक त्या वहीत शेरा लिहायचं : हा माणूस खंबीर आहे, हा दारू पितो, याला पुन्हा घ्यावं. आज अशा वह्या संग्रहालयांत मिळतात आणि वाचायला मोठ्या मजेदार आहेत. पण उलटी वही नव्हती. गिऱ्हाईक कसं चालतं, कुठे थरथरतं, हे वाटाड्याने कुठे लिहायचं?

यानंतर मोजमाप आलं, पण ते माणसाचं नव्हे, दगडाचं. 1897 साली ओवेन ग्लिन जोन्स या शाळामास्तराने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या कातळचढायांवर पुस्तक लिहिलं आणि चढायांचे चार वर्ग पाडले : सोप्या, मध्यम, कठीण आणि अतिशय खडतर. जोन्स पदार्थविज्ञान शिकवायचा, त्यामुळे वर्गीकरणाची आवड समजण्यासारखी आहे. दोनच वर्षांनी तो आल्प्समध्ये पडून वारला. 1920 च्या दशकात म्युनिकच्या विली वेल्झेनबाखने सहा पायऱ्यांची मोजपट्टी रूढ केली. तो 1934 मध्ये नंगा पर्बतवर वादळात सापडून गेला. त्याच्या मोजपट्टीवर आधारलेली श्रेणी जागतिक गिर्यारोहण महासंघाने 1968 मध्ये स्वीकारली. नदीतल्या राफ्टिंगचंही तसंच. एक ते सहा अशा श्रेणी असतात, त्या पाण्याच्या. कोलाडला कुंडलिकेवर धरणातून पाणी सुटतं तेव्हा राफ्टिंग होतं. तिथे श्रेणी कुंडलिकेला असते, राफ्टमध्ये बसलेल्या आठ जणांपैकी कोणाला पोहता येतं, हे त्या आकड्यात नसतं.

या श्रेण्यांना आम्ही नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळे अनोळखी माणसाला अनोळखी कातळाबद्दल काही कळू लागलं, हे फार मोठं काम झालं. पण जोन्सचं 'सोपी' कोणासाठी होतं? आधीच चढणाऱ्यांसाठी. ज्याने दोर कधी हातात धरला नाही, त्याच्यासाठी ती यादी लिहिलेलीच नव्हती. श्रेणी वाचणारा माणूस बदलला, तरी श्रेणी तीच राहिली. घोळ तिथे आहे.

माणूस जोखण्याचा गंभीर, संस्थात्मक प्रयत्न सुरू झाला तो शाळकरी मुलं डोंगरात जाऊ लागल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये याची लाटच आली. मुलांना निसर्गात न्यावं, कणखर करावं, अशी कल्पना. नेणारे शिक्षक उत्साही होते, पण सगळेच डोंगरातले नव्हते. म्हणून 1964 मध्ये नेतृत्वाचं प्रमाणपत्र आलं. त्याची रचना आपल्याला बारकाईने बघायला हवी, कारण तिच्यात एक शहाणपण होतं. आधी थोडं प्रशिक्षण, मग मधला काळ स्वतः भटकायचं आणि प्रत्येक दिवसाची नोंद वहीत ठेवायची, आणि त्यानंतर परीक्षा. परीक्षक ती नोंदवही आधी वाचायचा. किती दिवस, कुठल्या भागात, कुठल्या हवामानात, स्वतःच्या जबाबदारीवर की दुसऱ्याच्या मागे चालत? आजही तिथे परीक्षेला बसण्याआधी असे किमान 40 दिवस नोंदवहीत लागतात.

आणि तरीही 1971 चा नोव्हेंबर यायचा तो आलाच. स्कॉटलंडमधलं केर्नगॉर्मचं पठार. उंची म्हणाल तर आपल्या कळसूबाईपेक्षा कमी, पण हिवाळ्यात तिथे ध्रुवप्रदेशासारखं वारं सुटतं. एडिंबरामधल्या एका शाळेची पंधरा वर्षांच्या आसपासची मुलं तिथे गेली होती. त्यांच्या दोन तुकड्या केल्या होत्या. इथे लक्ष द्या, कारण या मुलांची पारख झालीच नव्हती असं नाही. झाली होती. जास्त अनुभवी मुलं एका तुकडीत, कमी अनुभवी दुसरीत. पहिली तुकडी अनुभवी प्रशिक्षकाकडे. दुसऱ्या तुकडीबरोबर विशीतली एक विद्यार्थिनी आणि तिची 18 वर्षांची मदतनीस, आणि सहा मुलं. रात्रीचा मुक्काम मात्र दोन्ही तुकड्यांचा एकच : पठारावरचा एक छोटासा दगडी निवारा, बर्फात शोधून काढायचा. हवा बिघडली. पहिली तुकडी निवाऱ्यापर्यंत पोचली. दुसरी पोचली नाही. उघड्यावर, बर्फात, दोन रात्री गेल्या. पाच मुलं आणि ती मदतनीस मुलगी गेली. नेणारी तरुणी आणि एक मुलगा वाचले. मदत शोधायला ती अक्षरशः रांगत निघाली होती, तेव्हा ती शोधपथकाला दिसली.

चौकशी झाली, पठारावरचे ते निवारे पुढे काढून टाकले गेले, प्रमाणपत्राचा आग्रह वाढला. हे सगळं बरोबरच. पण आम्हाला या घटनेत जे दिसतं ते सांगतो. तिथे पारख झाली ती एकमेकांच्या तुलनेत. ही मुलं त्या मुलांपेक्षा कच्ची. ठीक. पण कच्ची म्हणजे कशासाठी कच्ची? आठ तासांच्या चालीसाठी? बर्फातल्या रात्रीसाठी? मुलांना दोन वर्गांत बसवलं, आणि दोन्ही वर्गांना एकच प्रश्नपत्रिका दिली. शिवाय कच्च्या मुलांना कच्चा नेता मिळाला. हे शाळांमध्येही होतं, नाही का? हुशार तुकडीला जुने सर, 'ड' तुकडीला नवीन लागलेले.

नंतरची काही वर्षं ब्रिटिश गिर्यारोहकांत मोठा वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, प्रमाणपत्राशिवाय कोणी मुलांना नेताच कामा नये. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कागद हातात आला की माणसाला वाटतं आपण तयार झालो, आणि नेमणाऱ्या अधिकाऱ्याला वाटतं आपलं काम संपलं. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तिचा अहवाल 1975 मध्ये आला. वाद मिटला असं म्हणता येणार नाही, पण प्रमाणपत्र हे अनुभवाच्या जागी नव्हे, अनुभवाच्या बरोबरीने, ही समज रुजायला मदत झाली. 1993 मध्ये लाइम बे इथे समुद्रात कयाक वल्हवणारी चार मुलं गेली तेव्हा पुन्हा हेच सगळं वर आलं, आणि 1995 मध्ये ब्रिटनने कायदाच केला. त्यावर एक वेगळं व्याख्यान होऊ शकेल.

आपल्याकडे या गोष्टीची एक शाखा फार लवकर पोचली. तेनसिंग आणि हिलरी यांनी एव्हरेस्ट सर केल्यावर दीड वर्षात, नोव्हेंबर 1954 मध्ये, दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथल्या शेर्पा प्रशिक्षकांना आधी स्वित्झर्लंडला पाठवून शिकवून आणलं होतं. म्हणजे झरमॅटची विद्या दार्जिलिंगला आली म्हणायची. 1965 मध्ये उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट आली. मराठी घरांतली कितीतरी मुलं-मुली या दोन ठिकाणी 28 दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम करून आलेली आहेत. इथे शेवटी श्रेणी मिळते, आणि पुढच्या वरच्या अभ्यासक्रमाला जायचं तर 'अ' श्रेणी लागते. परीक्षा शेवटच्या दिवसापुरती नसते. पाठीवर ओझं घेऊन कसे चालता, दोराची गाठ थंडीत बधिर बोटांनी बांधता येते का, तंबूत दुसऱ्याशी कसे वागता, हे महिनाभर कोणीतरी बघत असतं. माणूस जोखायला वेळ लागतो, हे या पद्धतीला माहीत आहे. पण रविवारच्या ट्रेकला महिना कुठून आणायचा?

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ. इथे 'सोपी, मध्यम, कठीण' हे तीन शब्द इतके रुळलेत, की जणू किल्ल्याबरोबरच ते जन्माला आले. हरिश्चंद्रगड घ्या. पाचनईकडून गेलात तर आजोबाही नातवाला घेऊन जातात. खिरेश्वरकडून टोलार खिंडीतून गेलात तर लांब पल्ला आणि मध्ये कातळाचा टप्पा. आणि कोकणातल्या बेलपाड्यातून नळीच्या वाटेने गेलात तर सुटे धोंडे, घसारा, उभे कातळटप्पे, दिवसभराची दमछाक. किल्ला एकच. त्यात महिना मिसळा. जुलैत कातळावर शेवाळं, ऑक्टोबरात गुडघाभर गवतात वाट हरवलेली, मे महिन्यात पाण्याचा ठणठणाट. मग 'हरिश्चंद्रगड : मध्यम' या दोन शब्दांनी नेमकं काय सांगितलं?

आणि कठीणपणा काही सगळा निसर्गाने दिलेला नाही. 1818 मध्ये मराठी राज्य बुडाल्यावर इंग्रजांनी अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंग लावून उडवल्या, की पुन्हा कोणी वर जाऊन लढायला बसू नये. त्याआधी त्याच वाटांनी डोक्यावर धान्य आणि पाठीवर पाणी घेऊन माणसं रोज चढत होती. आज आपण जिथे हार्नेस घालतो आणि दोर लावतो, अशा कितीतरी जागी कोणे एके काळी पायऱ्या होत्या.

मुंबई-पुण्यात गिर्यारोहण मंडळं सुरू झाली 1950 च्या दशकात. गिरिविहार 1954 ची. या मंडळांनी माणूस कसा जोखला? त्याला नाव नव्हतं, पण पद्धत होती. नवा मुलगा आला की त्याला आधी राजमाचीला न्यायचं. त्याच्याकडे भाताचं पातेलं द्यायचं. तो पातेल्याबद्दल कुरकुर करतो का, रात्री पाणी आणायला उठतो का, उताराला गुडघे कसे टाकतो, हे म्हातारे सभासद बघत. मग मुंब्र्याचे किंवा कान्हेरीचे कातळ. मग कधीतरी अलंग-मदन-कुलंग. दोन-तीन हंगाम जायचे. नेता त्या मुलाला ओळखायचा, एवढंच त्याचं मूल्यमापन. पद्धत चांगली होती, पण तिचं गुणगान गाताना एक गोष्ट विसरू नये : हे ओळखीचं वर्तुळ होतं. ज्याचा मित्र मंडळात नाही, जो उपनगराच्या पलीकडून येतो, ज्या मुलीला घरून रात्रीची परवानगी नाही, त्यांच्यासाठी दार अर्धवटच उघडं असायचं. आज ते दार सताड उघडलंय, मोबाइलवर पैसे भरले की जागा पक्की. हे आम्हाला वाईट वाटत नाही. फक्त, ओळख गेली आणि तिच्या जागी काय आलं ते बघायला हवं.

आला तो अर्ज. नाव, वय, रक्तगट, 'याआधी ट्रेक केला आहे का?' होय. 'काही आजार?' नाही. शुक्रवारी रात्री दादरहून किंवा शिवाजीनगरहून बस निघते, नेता आणि सहभागी एकमेकांचं तोंड पहिल्यांदा बसमधल्या दिव्यात बघतात, आणि पहाटे पाचला डोंगराच्या पायथ्याशी असतात. यात लबाडी कोणाची नसते. ज्याने लोहगड केलाय त्याने ट्रेक केलाच आहे, तो 'होय' लिहिणारच. हडसनही खोटं बोलला नव्हता. हॅडोने माँ ब्लां खरंच लवकर केलं होतं.

पुण्यात तर याचं आणखी ठळक रूप आहे. 'सिंहगड किती मिनिटांत?' आतकरवाडीतून वर अर्ध्या तासात जाणारा माणूस म्हणजे तयार माणूस, असा समज. सिंहगड रोज चढणं उत्तमच आहे. हिमालयातल्या मोहिमांची तयारी करणारे पाठीवर वजन घेऊन तोच चढतात. पण रुळलेल्या, रुंद वाटेवरची मिनिटं तुमच्या फुप्फुसांबद्दल सांगतात. दृष्टिभय आहे का, डाव्या बाजूला सातशे-आठशे फूट खोली दिसायला लागल्यावर पाय थबकतात का, ओल्या कातळावर टाच टेकता की पूर्ण तळवा, याबद्दल ती काहीच सांगत नाहीत. उलट आमचा अनुभव असा, की वेगवान माणूस जास्त फसवतो. तो पुढे असतो, म्हणून नेता त्याच्याकडे बघत नाही. मागे राहणाऱ्याकडे मात्र सगळ्यांचं लक्ष असतं.

सरकारही यात आलं. हिमालयात मुलगा गमावलेल्या एका मराठी आई-वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यातून साहसी उपक्रमांना नियम हवेत, ही मागणी पुढे आली. 2014 मध्ये शासन निर्णय निघाला, त्यावर गिर्यारोहण संस्थांनी आक्षेप घेतले, 2018 मध्ये नवा निर्णय आला, आणि 2021 मध्ये पर्यटन विभागाचं साहसी पर्यटन धोरण, ज्यात आयोजकांनी नोंदणी करणं आलं. प्रशिक्षकाची पात्रता, साधनांचा दर्जा, प्रथमोपचार, विमा, सुटकेची तयारी. हे सगळं हवंच होतं, आणि त्या आई-वडिलांचे आपण ऋणी आहोत. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून बघितलं तर आम्हाला त्यात झरमॅटची चौकशी दिसते. दोर तपासता येतो. कॅराबिनरवर किती भार चालेल ते कोरलेलं असतं. प्रशिक्षकाचा दाखला फायलीत लावता येतो. सहभागी माणसाला ही वाट आज जमेल का, याचा दाखला कोण देणार?

देणारा माणूस बहुतेक वेळा तिथेच उभा असतो. साम्रद, आंबेवाडी, बेलपाडा, पाचनई इथले वाटाडे घ्या. बरेचसे महादेव कोळी, ठाकर समाजातले. आम्ही त्यांना अनेकदा विचारलंय, की तुम्हाला कसं कळतं? उत्तरं गमतीशीर, पण नेमकी. एक जण म्हणाला, "बूट बघायचं नाय, बूट नवं असतंय. पाय वाजतोय का बघायचं." पाय वाजणं म्हणजे घसाऱ्यावर पाऊल टाकताना दगड सुटणं. ज्याला चालता येतं त्याचा पाय वाजत नाही. दुसरा म्हणाला, गप्प झालेल्या माणसाकडे बघायचं. बसमधून उतरल्यावर सगळ्यात जास्त बोलणारा पहिल्या कातळाशी गप्प झाला, की ओळखायचं. तिसऱ्याने सांगितलं, मी चढताना बघतच नाही, गावाबाहेरच्या ओढ्यात उतरताना बघतो. हॅडो पडला तो उतरताना. हे त्या वाटाड्याला कोणी सांगितलेलं नाही.

पण त्याने 'दादा, हे तिघं नकोत' असं म्हटलं तर काय होतं? तिघांनी पैसे भरलेत. नेता शहरातला, शिकलेला, वाटाड्या दिवसाच्या मजुरीवर. नेता म्हणतो, 'होईल हो, आपण हात देऊ त्यांना.' क्रोनेही हातच दिला होता.

यावर करता येण्यासारखं काय आहे, ते आम्ही थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय उठलो तर तुम्ही म्हणाल नुसत्या गोष्टी सांगितल्या. अर्जातला प्रश्न बदला. 'ट्रेक केलाय का' असं विचारू नका. कुठला किल्ला, कुठल्या वाटेने, कुठल्या महिन्यात, आणि उतरायला किती वेळ लागला, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याला आठवत नाही, त्याला कोणीतरी हाताला धरून उतरवलेलं असतं किंवा त्याचं लक्ष नव्हतं. इंग्रजांच्या नोंदवहीसारखी वही ट्रेकच्या मंडळांनी सहज सुरू करता येईल. चाळीस दिवस नकोत, पाच दिवसांच्या चार-चार ओळी पुरतील.

आणि दुसरं म्हणजे जोखायची जागा. याबद्दल फार कमी बोललं जातं. माणूस जमणारा नाही, हे कळून उपयोग काय, जर कळेपर्यंत परतीची वाट पुढच्या वाटेपेक्षा अवघड झाली असेल? मॅटरहॉर्नवर हॅडोला मदत लागते हे चढतानाच दिसलं होतं, पण तोपर्यंत सातही जण कातळात होते. नळीच्या वाटेचंही तसंच आहे. अर्ध्यावर एखाद्याचे पाय लटपटले, तर त्याला खाली नेणं हे वर नेण्यापेक्षा कठीण. बरं, बेलपाड्यात पायथ्याशीच त्याला थांबवलं आणि म्हटलं, की तू पाचनईकडून ये, तर पाचनई घाटमाथ्यावर. नकाशावर वीतभर अंतर, रस्त्याने घाट चढून कित्येक तास. म्हणजे ज्या मंडळाला नळीची वाट करायची आहे, त्याने आधीच्या एखाद्या रविवारी, घराजवळच्या डोंगरात, एखाद्या ओढ्यात सगळ्यांना उतरवून बघायला हवं. आणि बेलपाड्यात जो थांबेल त्याच्यासाठी गावात एका घरी दिवसभर बसायची, जेवायची सोय आधीच बोलून ठेवायला हवी, त्याचे पैसे कापून न घेता. वाटाड्याला आदल्या संध्याकाळीच बोलावून घ्या, जेवणाच्या पंगतीत त्याला सगळ्यांच्यात बसवा, आणि सकाळी ओढा ओलांडल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारा, किती जण न्यायचे. त्याने आकडा सांगितला, की तेवढेच न्यायचे.

वेळ संपत आली आहे. दोराबद्दल कोणाला विचारायचं असेल तर खुशाल विचारा, त्याच्यावरही बोलू.